हापूसच्या साक्यापासून सुरुवात: विद्यापीठ ग्रंथालयाची इलेक्ट्रॉनिक साधने संशोधनासाठी कशी वापरावीत

कोकणात आंबा, काजू, मासळी, खारजमीन किंवा एखाद्या बंदराचा इतिहास असा विषय घेऊन संशोधनाला बसलेला विद्यार्थी पहिल्या महिन्यात हमखास एक वाक्य बोलतो: "सर, यावर काही मिळतच नाही." बहुतेक वेळा साहित्य असते, आपण टाकलेला शब्द मात्र त्या साहित्याचा नसतो. हापूस कापल्यावर आतला गर पांढरट, भुसभुशीत आणि आंबूस निघाला, तर रत्नागिरी-देवगडचा बागायतदार त्याला 'साका' म्हणतो. शोधनिबंधांत त्याच विकृतीला 'स्पंजी टिश्यू' म्हणतात आणि काही ठिकाणी ती 'इंटर्नल ब्रेकडाउन' या अधिक व्यापक नावाखाली येते. 'हापूस साका' असे टाइप करून हात हलवत परतणारा विद्यार्थी आणि दोन तासांत चाळीस उपयुक्त निबंध घेऊन उठणारा विद्यार्थी यांच्यातला फरक बहुतेक वेळा एवढाच असतो.

म्हणून या लेखात साक्याचेच उदाहरण शेवटपर्यंत धरले आहे. शोधशब्द येथे देवनागरीत लिहिले असले, तरी इंग्रजी शब्द प्रत्यक्ष शोधचौकटीत रोमन लिपीतच टाकायचे आहेत.

प्रवेशाची व्यवस्था आधी लावून घ्यावी

विद्यापीठाने वर्गणी भरलेली नियतकालिके उघडण्याची मूळ पद्धत साधी आहे. आवारातील इंटरनेटचा पत्ता, म्हणजे आयपी ॲड्रेस, प्रकाशकाकडे नोंदवलेला असतो आणि त्या पत्त्यावरून आलेल्या वाचकाला पासवर्ड न विचारता निबंध दिला जातो. त्यामुळे ग्रंथालयातील संगणकावर जो निबंध सहज उघडतो, तोच घरी मोबाइलच्या नेटवर उघडायला गेल्यास डॉलरमध्ये पैसे मागतो. हे पैसे कधीही भरू नयेत. घरून वापरण्यासाठी संस्थेने वेगळी सोय केलेली असते. अनेक संस्थांत ती गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या, म्हणजे विद्यापीठांच्या ग्रंथालयांना सेवा देणाऱ्या राष्ट्रीय केंद्राच्या, 'इन्फेड' या व्यवस्थेतून चालते. प्रकाशकाच्या पानावर 'संस्थेमार्फत प्रवेश' अशा अर्थाचा पर्याय असतो, तेथे आपल्या संस्थेचे नाव निवडायचे आणि ग्रंथालयाने दिलेले नाव व पासवर्ड वापरून आत जायचे.

आपल्या संस्थेला काय उपलब्ध आहे, हे संस्था कोणत्या प्रकारची आहे यावर अवलंबून असते. केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेला मान्यता दिली आणि जानेवारी २०२५ पासून ती सुरू झाली. तीस आंतरराष्ट्रीय प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके तीमधून केंद्र व राज्य शासनांच्या उच्चशिक्षण संस्थांना आणि केंद्राच्या संशोधन संस्थांना मिळतात. खासगी व्यवस्थापनाच्या अनुदानित महाविद्यालयांसाठी ई-नियतकालिके व ई-पुस्तके देणारा इन्फ्लिबनेटचा 'एन-लिस्ट' हा जुना आणि उपयोगी कार्यक्रम आहे. कृषी विद्यापीठे व त्यांच्या महाविद्यालयांसाठी भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचा 'सेरा' हा ई-नियतकालिके एकत्र मिळवणाऱ्या ग्रंथालयांचा संघ आहे. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठात किंवा रत्नागिरीजवळच्या शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात शिकणाऱ्याने सेराची चौकशी सर्वप्रथम करावी.

ग्रंथपालांकडे जाताना तीन प्रश्न लिहून न्यावेत. आपली संस्था यांपैकी कोणत्या योजनांत नोंदलेली आहे? घरून वापरण्यासाठीचे लॉगिन कसे मिळते? आणि नोंदणीला संस्थेचाच ई-मेल लागतो का? अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाल्याच्या दिवशीच हे उरकावे, कारण प्रबंधाच्या शेवटच्या महिन्यात पासवर्डसाठी धावाधाव करणारे विद्यार्थी दरवर्षी दिसतात.

आणखी एक गोष्ट खास कोकणासाठी. जून ते सप्टेंबर या काळात वीज आणि नेटवर्क दोन्ही लहरीप्रमाणे वागतात. त्यामुळे कामाचे दोन भाग करावेत. विचार करणे, शब्द काढणे आणि उतरवलेले निबंध वाचणे ही कामे घरी, कागदावर आणि नेटशिवाय करावीत. शोध घेणे आणि फाइल उतरवणे ही कामे ग्रंथालयात एका बैठकीत उरकावीत. नेट सुरू झाल्यावर विचार करायला बसणे ही चैन आपल्याला परवडत नाही.

शब्दांचा कागद

शोधाला बसण्यापूर्वी एक कोरा कागद घेऊन आपला प्रश्न पूर्ण वाक्यात लिहावा. 'साका' हा केवळ विषय झाला. 'बागेत जमिनीवर आच्छादन केल्याने हापूसमधील साक्याचे प्रमाण कमी होते का?' हा प्रश्न झाला. या वाक्यात तीन कल्पना आहेत: फळ, विकृती आणि उपाय. प्रत्येक कल्पनेसाठी एक रकाना आखावा आणि त्या कल्पनेला जितकी नावे असू शकतील तितकी त्याखाली लिहीत जावे.

फळाच्या रकान्यात 'मँगो', 'मॅन्जिफेरा इंडिका', 'अल्फान्सो' आणि 'हापूस' हे शब्द येतील. 'अल्फान्सो'ची रोमन वर्णलेखने एकाहून अधिक आढळतात, तीही लिहावीत. 'रत्ना' हे नावही येथेच टिपावे. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून १९८१ मध्ये दिलेली ही जात साक्यापासून मुक्त म्हणून ओळखली जाते, त्यामुळे तुलनात्मक अभ्यासांत ती पुन्हा पुन्हा भेटते. विकृतीच्या रकान्यात 'स्पंजी टिश्यू', 'इंटर्नल ब्रेकडाउन' आणि 'फिजिओलॉजिकल डिसऑर्डर' हे शब्द येतील. उपायाच्या रकान्यात 'मल्च', 'मल्चिंग', 'सॉइल टेंपरेचर' आणि काढणीच्या पक्वतेसाठी 'हार्वेस्ट मॅच्युरिटी' असे शब्द येतील.

हा कागद पहिल्या दिवशी पूर्ण होत नाही, आणि होऊही नये. पहिले दहा निबंध वाचल्यावर त्याची दुसरी फेरी करावी लागते. साक्याच्या कारणांविषयी संशोधकांची मते एकसारखी नाहीत. काहींनी तापलेल्या जमिनीतून वर येणाऱ्या उष्णतेकडे बोट दाखवले, काहींनी गरातील कॅल्शियमच्या कमतरतेकडे, तर काहींनी फळ झाडावर असतानाच कोयीत सुरू होणाऱ्या अंकुरणाच्या प्रक्रियेकडे. प्रत्येक मताबरोबर त्याची स्वतंत्र शब्दावली येते. अंकुरणाचे मत मांडणारा निबंध 'सीड जर्मिनेशन' आणि 'रिकॅल्सिट्रंट सीड' या शब्दांनी भरलेला असेल आणि त्यात 'मल्चिंग' हा शब्द एकदाही नसेल. केवळ पहिल्या फेरीचे शब्द घेऊन बसलेला विद्यार्थी अशा निबंधापर्यंत पोहोचतच नाही. पुढे मौखिक परीक्षेत बाहेरचे परीक्षक नेमका त्याच निबंधाविषयी विचारतात.

मासळीवर काम करणाऱ्यांनी शास्त्रीय नावांची विशेष काळजी घ्यावी. तारली म्हणजे 'सार्डिनेला लाँजिसेप्स' आणि बांगडा म्हणजे 'रास्ट्रेलिजर कानागुर्टा' ही नावे स्थिर आहेत. पापलेटच्या बाबतीत मात्र जुने लेखन 'पॅम्पस अर्जेंटियस' या नावाने आहे, तर अलीकडचे काही निबंध भारतीय किनाऱ्यावरच्या पापलेटला 'पॅम्पस कॅन्डिडस' म्हणतात. दोन्ही नावे घेतली नाहीत, तर अर्धे साहित्य हाती लागत नाही. खारजमिनीच्या अभ्यासकाने 'कोस्टल सलाइन सॉइल'बरोबर 'खार लँड' आणि 'खाजण' हे शब्दही टाकून पाहावेत. इतिहासाच्या विद्यार्थ्याने गावांची इंग्रजी अमदानीतील वर्णलेखने जमवावीत. रत्नागिरी आणि सावंतवाडीचा मुंबई इलाख्याचा गॅझेटिअर १८८० मध्ये निघाला. त्या काळच्या आणि त्याआधीच्या कागदपत्रांत दाभोळ, मालवण, खुद्द रत्नागिरी यांची रोमन रूपे आजच्याहून वेगळी आढळतात.

कोठे शोधावे आणि कोणत्या क्रमाने

येथे माझे मत रूढ सल्ल्यापेक्षा थोडे वेगळे आहे. बहुतेक विद्यार्थी गूगल स्कॉलरपासून, म्हणजे गूगलच्या शोधनिबंध शोधण्याच्या साधनापासून, सुरुवात करतात. आपल्या प्रदेशाचा विषय असेल, तर सुरुवात प्रबंधांपासून करावी असे मला वाटते. कोकणातील पिकांवरचे, मातीवरचे आणि समाजावरचे बरेचसे काम आंतरराष्ट्रीय नियतकालिकांत कधी छापलेच गेले नाही. ते पदवीच्या प्रबंधांत पडून आहे.

पीएच.डी. प्रबंधांसाठी इन्फ्लिबनेटचे 'शोधगंगा' हे भांडार आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमावलीने प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देणे आवश्यक केले आणि तेव्हापासून ते वाढत गेले. तेथे प्रबंध प्रकरणाप्रकरणाने वेगवेगळ्या फाइलींत असतो, त्यामुळे कमजोर नेटवर पूर्वसाहित्याचा आढावा घेणारे प्रकरण तेवढे उतरवता येते. कृषी विद्यापीठांचे प्रबंध, विशेषतः एम.एस्सी.चे, कृषी अनुसंधान परिषदेच्या 'कृषिकोश' या भांडारात पाहावेत. साक्यावर कोकणात झालेले काम शोधताना शोधगंगेइतकाच किंवा काकणभर अधिक उपयोग कृषिकोशाचा होतो. प्रबंधातील संदर्भसूची हा आयता नकाशा असतो. मात्र तो दुसऱ्याने काढलेला नकाशा आहे, त्यामुळे त्यातील प्रत्येक संदर्भ मूळ निबंध उघडून तपासल्याशिवाय आपल्या यादीत घेऊ नये. एका प्रबंधातील चुकीचे साल पुढच्या पाच प्रबंधांत जसेच्या तसे उतरलेले आढळते.

मराठीतील प्रबंधांबाबत एक अडचण आधीच माहीत असलेली बरी. युनिकोड रूढ होण्यापूर्वी जुन्या फाँटमध्ये टाइप केलेले आणि स्कॅन करून चढवलेले प्रबंध आतल्या मजकुरावरून शोधता येत नाहीत. पडद्यावर अक्षरे मराठी दिसतात, पण संगणकाच्या दृष्टीने ती निरर्थक चिन्हे असतात. अशा वेळी शब्द टाकण्याचा हट्ट सोडून विद्यापीठ, मग विभाग, मग शीर्षकांची यादी असे चालत जावे. शीर्षक कधी देवनागरीत, तर कधी रोमन लिपीत नोंदलेले असते, म्हणून दोन्ही पाहावे.

प्रबंधांनंतर विषयवार डेटाबेस घ्यावेत. शेतीसाठी संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचा 'ॲग्रिस' विनामूल्य आहे आणि त्याला 'ॲग्रोव्हॉक' या नियंत्रित शब्दसूचीची, म्हणजे प्रत्येक कल्पनेसाठी ठरवून दिलेल्या संज्ञांच्या सूचीची, जोड आहे. या सूचीत आंब्याच्या फळासाठी एक आणि झाडासाठी दुसरी संज्ञा आहे. अशा सूचीतून मिळालेले शब्द आपल्या कागदावर उतरवून घ्यावेत. 'स्कोपस' किंवा 'वेब ऑफ सायन्स' हे सर्व विषयांच्या निबंधांचे वर्गणीचे डेटाबेस आपल्या संस्थेकडे असतील, तर विषयाचा पूर्ण आवाका तेथे दिसतो. गूगल स्कॉलर यानंतर घ्यावे, कारण ते सर्व काही गोळा करते आणि निवडीचे ओझे आपल्यावर टाकते. त्याच्या सेटिंगमध्ये 'लायब्ररी लिंक्स' असा पर्याय आहे. तेथे आपल्या संस्थेचे नाव मिळाले, तर निकालाशेजारीच ग्रंथालयातील प्रतीचा दुवा दिसू लागतो.

ग्रंथालयाची स्वतःची ऑनलाइन सूची, म्हणजे ओपॅक, विसरू नये. संशोधन केंद्रांचे जुने अहवाल आणि पुस्तिका पुष्कळदा फक्त कपाटात असतात आणि ओपॅकशिवाय त्यांचा पत्ता लागत नाही.

शोधवाक्य कसे बांधावे

कागदावरच्या रकान्यांचे शोधवाक्य करण्याचा नियम सोपा आहे. एकाच रकान्यातील शब्द 'ऑर'ने जोडायचे, वेगवेगळे रकाने 'अँड'ने जोडायचे, प्रत्येक रकान्याला कंस घालायचा आणि दोन शब्दांची संज्ञा दुहेरी अवतरणात ठेवायची. आपले पहिले वाक्य असे होईल: ("स्पंजी टिश्यू" ऑर "इंटर्नल ब्रेकडाउन") अँड (मँगो ऑर मॅन्जिफेरा ऑर अल्फान्सो). 'अँड' आणि 'ऑर' रोमन लिपीतील मोठ्या (कॅपिटल) अक्षरांत टाइप करावेत, कारण काही डेटाबेस ते तसेच असल्यावरच ओळखतात.

फळाचा रकाना येथे का लागतो, हे करून पाहण्यासारखे आहे. तो काढून केवळ 'इंटर्नल ब्रेकडाउन' टाकले, तर पीच आणि प्लम यांवरचे निबंध समोर येतात, कारण त्या फळांच्या शीतसाठवणीतील बिघाडालाही हीच संज्ञा वापरली जाते. उलट अवतरण काढले, तर 'स्पंजी' हा शब्द एकीकडे आणि 'टिश्यू' दुसरीकडे असलेले वैद्यकीय निबंधही गोळा होतात.

शब्दाच्या शेवटी तारकाचिन्ह दिल्यास त्याची पुढची सर्व रूपे मिळतात. 'मल्च'पुढे तारका दिली की 'मल्चेस' आणि 'मल्चिंग' दोन्ही येतात. स्कोपस आणि वेब ऑफ सायन्समध्ये हे चालते, गूगल स्कॉलरमध्ये चालत नाही. तेथे रूपे एकेक करून लिहावी लागतात आणि शोधवाक्याच्या लांबीलाही मर्यादा आहे. गूगल स्कॉलर एका शोधाचे एक हजारापलीकडचे निकाल दाखवत नाही, त्यामुळे वर दिसणारा हजारोंचा आकडा पाहून हुरळूनही जाऊ नये आणि धास्तावूनही जाऊ नये. स्कोपसमध्ये शोध शीर्षक, सारांश आणि सूचकशब्द यांपुरता मर्यादित ठेवावा, म्हणजे ओझरता उल्लेख असलेले निबंध गळतात.

'नॉट' या शब्दापासून शक्यतो दूर राहावे. साठवणुकीवरचे निबंध नकोत म्हणून 'नॉट स्टोरेज' लिहिले, तर ज्या निबंधाच्या सारांशात 'स्टोरेज' हा शब्द एकदाच आला आहे असा बागेतल्या प्रयोगाचा निबंधही हातचा जातो. निकाल वीसच्या आत आले तर एक रकाना काढून पाहावा. ते पाचशेच्या वर गेले तर आणखी एक रकाना जोडावा. हे आकडे माझ्या अनुभवातले आहेत, नियमातले नव्हेत.

चाळणी आणि मागोवा

निकालांची यादी वाचताना सर्व निबंध उघडत बसू नये. आधी शीर्षके, मग सारांश आणि त्यानंतरच पूर्ण निबंध, असे तीन टप्पे ठेवावेत. यादीत एखादा आढावा निबंध असेल, तर तो सर्वांत आधी घ्यावा.

चांगला निबंध सापडल्यावर त्याचा दोन्ही दिशांनी मागोवा घ्यावा. मागे जायचे तर त्याची संदर्भसूची वाचावी. साक्याच्या बाबतीत असे मागे जात राहिले की युरोपात आंबा पाठवण्याच्या प्रयोगांवरील १९३४ च्या मुंबई इलाख्याच्या अहवालापर्यंत माग लागतो. पुढे जायचे तर 'साइटेड बाय' या दुव्यावरून त्या निबंधाचा नंतर कोणी आधार घेतला ते पाहावे. ही पद्धत शोधवाक्याच्या मर्यादा भरून काढते, कारण एक संशोधक दुसऱ्याचे नाव घेतो तेव्हा दोघांनी एकच शब्द वापरलेला असण्याची गरज नसते.

नियतकालिकाचा दर्जा तपासणे आता अधिक प्रमाणात आपल्यावर आले आहे. अनुदान आयोगाची मान्य नियतकालिकांची 'केअर' यादी २०२५ मध्ये बंद झाली, त्यामुळे यादीत नाव पाहून निश्चिंत होण्याची सोय उरलेली नाही. संपादक मंडळावरील व्यक्ती खरोखर त्या विषयातील आहेत का, परीक्षणाची पद्धत लिहिलेली आहे का, आणि मुक्त, म्हणजे कोणालाही विनामूल्य वाचता येणारे, नियतकालिक असेल तर ते अशा नियतकालिकांच्या 'डीओएजे' या निर्देशिकेत आहे का, एवढे पाहावे. आठवड्याभरात छापून देण्याचे आश्वासन देणाऱ्या नियतकालिकातील आकडे आपल्या प्रबंधात आधार म्हणून घेऊ नयेत.

पूर्ण निबंध हाती येत नसेल तर

निबंधाचा डीओआय, म्हणजे त्याचा कायमचा ओळखक्रमांक, टिपून तो डीओआयच्या संकेतस्थळावर टाकला की प्रकाशकाचे मूळ पान उघडते. संस्थेच्या लॉगिननेही तेथे प्रवेश मिळाला नाही, तर 'अनपेवॉल' हे ब्राउझरमधील विनामूल्य साधन लेखकाने कायदेशीरपणे ठेवलेली प्रत कोठे आहे ते दाखवते. गूगल स्कॉलरमध्ये निबंधाखालच्या 'ऑल व्हर्शन्स' दुव्यावरही अशी प्रत सापडते. तेही साधले नाही, तर ग्रंथपालांना सांगावे. सेराच्या सदस्य ग्रंथालयांत एकमेकांकडून निबंध मागवण्याची सोय आहे आणि डेलनेट या ग्रंथालयांच्या जाळ्याच्या सदस्य ग्रंथालयांतही तशी देवाणघेवाण चालते. शेवटी लेखकालाच विनम्र पत्र लिहावे. आपण कोण, कोणत्या विषयावर काम करतो आणि कोणता निबंध हवा, या चार ओळी पुरेशा होतात. निवृत्त शास्त्रज्ञसुद्धा अशा पत्राला आवर्जून उत्तर देतात.

एक धोका येथेच सांगितला पाहिजे. ग्रंथालयातील एका बैठकीत काम उरकावे असे वर म्हटले असले, तरी त्याचा अर्थ नियतकालिकाचे पूर्ण अंक किंवा वर्षेच्या वर्षे उतरवून घ्यावीत असा नाही. प्रकाशकाची यंत्रणा असे सरसकट डाउनलोड ओळखते आणि त्या विद्यार्थ्यापुरताच नव्हे, तर संपूर्ण संस्थेचा प्रवेश थांबवू शकते. निवडून घेतलेले तीस-चाळीस निबंध ही एका दिवसाची वाजवी मर्यादा समजावी. आपला पासवर्ड मित्राला देणेही करारात बसत नाही.

जपणूक आणि नोंद

उतरवलेल्या फाइलींची नावे प्रकाशकाने दिलेल्या आकड्यांची असतात आणि महिन्याभराने कोणती कशाची ते कळत नाही. म्हणून पहिल्याच दिवशी 'झोटेरो' हे विनामूल्य सॉफ्टवेअर लॅपटॉपवर घालावे. ब्राउझरमधील त्याच्या चिन्हावर टिचकी मारली की लेखक, साल, नियतकालिक आणि शक्य असेल तेथे फाइलही जमा होते. पुढे वर्ड किंवा लिब्रेऑफिसमध्ये लिहिताना संदर्भसूची त्यातून आपोआप तयार होते. ही आपोआप आलेली माहिती डोळे झाकून स्वीकारू नये. विशेषतः मराठी आडनावे आणि नावाची आद्याक्षरे यांची अदलाबदल वारंवार होते, आणि मराठी पुस्तकांची नोंद तर हातानेच भरावी लागते. झोटेरोच्या सर्व्हरवर ३०० एमबी इतकीच जागा विनामूल्य मिळते, त्यामुळे संदर्भ तेथे जुळवून ठेवावेत आणि फाइलींची प्रत वेगळ्या हार्डडिस्कवर घ्यावी. हार्डडिस्क पावसाळ्यात घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी. इथली दमट हवा कशालाच सोडत नाही.

वाचताना टिपण आपल्या शब्दांत घ्यावे आणि जशीच्या तशी उतरवलेली ओळ लगेच अवतरणात टाकून पृष्ठक्रमांक लिहावा. अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीनुसार दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही आणि त्यापुढे टप्प्याटप्प्याने कारवाई वाढत जाते. प्रबंध साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमधून जातोच. तेव्हा कोणती ओळ आपली आणि कोणती उसनी हे आठवत बसण्यापेक्षा वाचतानाच ते नोंदवलेले बरे.

शोधाची रोजनिशी ठेवणे हे काम सर्वांत कंटाळवाणे आहे आणि म्हणून ते कोणीच करत नाही. एका वहीत तारीख, डेटाबेसचे नाव, जसेच्या तसे शोधवाक्य, निकालांची संख्या आणि त्यांतून घेतलेले निबंध एवढ्या पाच गोष्टी लिहाव्यात. पूर्वसाहित्याचा आढावा कसा घेतला, असे मार्गदर्शकांनी विचारले की ही वहीच उत्तर देते. शोधवाक्य डेटाबेसमध्ये साठवून ई-मेल सूचना लावली, तर नवा निबंध आल्यावर कळवले जाते. तरीही प्रबंध सादर करण्याच्या साधारण महिनाभर आधी वही उघडून तीच शोधवाक्ये त्याच डेटाबेसांत पुन्हा चालवावीत, शेवटच्या नोंदीनंतर प्रसिद्ध झालेले निबंध तेवढे पाहावेत आणि वहीत त्या दिवसाची तारीख टाकावी.